एकच पेशंट, अकरा डिपार्टमेंट

मी फिजिऑलॉजी शिकवतो. पहिल्या वर्षाची मुलं, लेक्चर हॉल आणि प्रॅक्टिकलची लॅब एवढ्यात माझा दिवस जातो, वॉर्डात माझं रोजचं काम नसतं. काही वर्षांपूर्वी बालरोग विभागातल्या एका सहकारी मॅडमनी मला मुद्दाम राउंडला बोलावलं. "तुमचीच मुलं आहेत, आता फायनलला आलीत. काय लक्षात राहिलंय ते बघा," म्हणाल्या.

बेडवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं ग्रस्त असलेली नऊ वर्षांची मुलगी होती. आदल्या दिवशी शाळेच्या सहलीत उन्हात फिरली आणि रात्री तिची पाठ आणि दोन्ही पाय असह्य दुखायला लागले. मॅडमनी एका मुलाला विचारलं, "सिकलसेल म्हणजे काय?" तो क्षणात म्हणाला, "हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन." अगदी बरोबर. "मग ऊन आणि पायदुखी यांचा संबंध काय?" तो गप्प झाला. एका मुलीला पोट तपासायला सांगितलं. तिच्या बोटांना पानथरी, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, लागली आणि ती गोंधळली, कारण या आजारात पानथरी लहानपणीच सुकून जाते असं तिनं वाचलं होतं.

मुलं हुशार होती, अभ्यासही केलेला होता. प्रत्येक तुकडा त्यांच्या डोक्यात होता, पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वहीत उतरवलेला. ते तुकडे जुळवून समोरच्या मुलीला काय होतंय ते सांगायला आम्ही त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. "आम्ही" यात मीही आलो.

सध्या वैद्यकीय शिक्षणात "इंटिग्रेशन", म्हणजे विषयांची जोडणी, हा शब्द फार ऐकू येतो. पालक विचारतात, विद्यार्थी विचारतात, नव्यानं लागलेले शिक्षकही विचारतात की हे नेमकं काय असतं. मी ते या एका मुलीच्या आधारानं सांगतो, कारण गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल हा घराघरात माहीत असलेला आजार आहे, आणि जोडून शिकवण्यासाठी याच्याइतका भरगच्च विषय मला दुसरा सापडलेला नाही.

आधी वॉर्डातल्या दोन प्रश्नांची उत्तरं. सदोष हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. उन्हात घाम जातो, शरीरातलं पाणी कमी होतं, पेशीतलंही कमी होतं. पेशीच्या आत हिमोग्लोबिन दाट झालं की हे दोरे फार लवकर जमतात. अशा ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि ठणका लागतो.

दुसरा प्रश्न पानथरीचा. पानथरीत रक्त संथ वाहतं, ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तिथं पेशी पुन्हा पुन्हा अडकतात आणि तो अवयव हळूहळू मरत जातो. पुस्तकातलं हे वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, ज्याला एचबीएफ म्हणतात, मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकतं. ते दोरे जमू देत नाही, म्हणून पानथरी जास्त वर्षं टिकते, पुष्कळदा वाढलेली असते. याचा अर्थ आजार सौम्यच असतो असा नाही. विदर्भातल्या मुलांना तीव्र वेदनेचे झटके येतात, हे तिथला कोणताही डॉक्टर सांगेल.

एवढ्या दोन उत्तरांतच बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, ॲनाटॉमी, पॅथॉलॉजी, बालरोग आणि आनुवंशशास्त्र येऊन गेले.

भिंती कुठून आल्या

अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञानं अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांची पाहणी करून १९१० मध्ये अहवाल दिला. त्या काळी तिकडची कित्येक कॉलेजं प्रयोगशाळेविना, पेशंटविना पदव्या वाटत होती. आधी दोन वर्षं पायाभूत विज्ञान आणि मग दोन वर्षं रुग्णालय, ही रचना त्यानंतर तिकडे पक्की झाली. दर्जा खरोखर सुधारला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण विज्ञान एका इमारतीत आणि पेशंट दुसऱ्या, अशी सवयही लागली. आपल्याकडच्या प्री-क्लिनिकल, पॅरा-क्लिनिकल, क्लिनिकल या पायऱ्या त्याच वळणाच्या.

या भिंती पाडण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १९५२ मध्ये क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं विषयवार शिकवणं सोडून हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड अशा शरीरसंस्थांनुसार शिकवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लहान गटांनी एखादी रुग्णसमस्या हातात घेऊन तिच्यामागचं विज्ञान स्वतः शोधायचं, अशा पद्धतीनं पहिली तुकडी शिकू लागली. भारतात वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या नियमांतही एकत्रित शिकवणीचा उल्लेख होता, पण प्रत्यक्ष टाइमटेबलात ती फारशी उतरली नाही. ऑगस्ट २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित, म्हणजे डॉक्टरला काय करता आलं पाहिजे यावर बेतलेला, अभ्यासक्रम लागू झाला आणि जोडणी हा त्याचा अधिकृत भाग बनला. पहिल्या वर्षापासून पेशंट दाखवणं, नीती आणि संवादकौशल्याची "एटकॉम" ही मॉड्यूल्स (ठरवून बांधलेले पाठसंच), आणि पुढे विद्यार्थ्यानं गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करणं, हे सगळं त्याच काळातलं.

आडवी जोडणी, उभी जोडणी

एकाच वर्षातले विषय जुळवले की ती आडवी जोडणी. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत हिमोग्लोबिनची रचना, फिजिऑलॉजीत रक्तपेशी आणि ॲनाटॉमीत पानथरी एकाच पंधरवड्यात आली तर ती आडवी. वेगवेगळ्या वर्षांतले विषय जोडले की उभी. पहिल्या वर्षाच्या हिमोग्लोबिनच्या तासाला बालरोगतज्ज्ञ पेशंट घेऊन आला, किंवा फायनलच्या क्लिनिकला बायोकेमिस्ट्रीचा शिक्षक जाऊन उभा राहिला, तर ती उभी. आपल्याकडे या शेवटच्या प्रकारची उदाहरणं फार थोडी. पेशंट खाली, पहिल्या वर्षात आणला जातो, पण विज्ञान वर, वॉर्डात नेलं जात नाही. माझ्या मते आपली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी २००० साली जोडणीची ११ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली प्रत्येक विभाग आपापल्या कोशात, दुसरा काय शिकवतो याची खबरही नाही. सगळ्यात वर विषयांची नावंच विरघळलेली, विद्यार्थी प्रत्यक्ष कामातून शिकतो आणि जोडणी त्याची तोच करतो. मधल्या पायऱ्यांवर एकमेकांशी बोलणं, आपल्या तासात दुसऱ्या विषयाचा थोडा भाग घेणं, वेळा जुळवणं, दोन विभागांनी मिळून तास घेणं असं चढत जातं. आपल्या २०१९ च्या अभ्यासक्रमानं विषयांची चौकट मोडलेली नाही. वेळा जुळवणं हा मुख्य मार्ग धरला आहे आणि विषयांना बांधणारा धागा म्हणून "लिंकर केस" सुचवली आहे. लिंकर केस म्हणजे एका पेशंटची गोष्ट, जी प्रत्येक विभागाच्या तासाला पुन्हा समोर येते.

वरच्या पायऱ्यांवरच पोहोचलं पाहिजे असा काही जणांचा आग्रह असतो. मला तो पटत नाही. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, डाळी, धणे सगळं एकत्र दळतात, पण भाजतात प्रत्येक वेगळं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. कच्चं धान्य एकत्र दळलं तर भाजणी होत नाही. ज्या मुलाला ऑक्सिजन हिमोग्लोबिनला कसा बांधला जातो हेच कळलेलं नाही, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी अकरा विभागांचा सिकलसेल ओतला तर त्याच्या हाती काही लागत नाही. विषय आपापल्या आचेवर भाजून घ्यावेत आणि दळण्याची वेळ ठरवून ठेवावी.

बांधायला बसल्यावर

सिकलसेलवर असं जोडलेलं मॉड्यूल बांधायला आम्ही बसलो तेव्हा पहिल्या बैठकीत प्रत्येक विभागानं आपापल्या लेक्चरची यादी आणली. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, कम्युनिटी मेडिसिन, बालरोग, मेडिसिन, स्त्रीरोग, अस्थिरोग. याद्या एकाखाली एक लावल्या आणि वर "सिकलसेल मॉड्यूल" असं नाव घातलं. झालं, असं सगळ्यांना वाटलं.

त्या वर्षी मुलांनी त्या आठवड्यात हिमोग्लोबिनची तीच आकृती चार वेळा पाहिली. चार शिक्षकांनी चार रंगांत काढली. पाण्याचा आणि वेदनेचा संबंध मात्र कुणाच्याच यादीत नव्हता, कारण प्रत्येकाला वाटलं की तो दुसऱ्याचा भाग आहे. मल्टिडिसिप्लिनरी या शब्दातली फसगत इथेच होते. अनेक विषय एका शीर्षकाखाली आले म्हणून ते जोडले जात नाहीत.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. बालरोगाच्या मॅडमनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असलेला नवा डॉक्टर या मुलीसाठी काय काय करू शकला पाहिजे? उत्तरं आली. वेदना ओळखून लगेच थांबवणं. ताप असेल तर तो धोक्याचा मानणं. कधी पुढे पाठवायचं ते कळणं. आईला पाणी, लस आणि रोजच्या गोळ्यांबद्दल समजेल असं सांगणं. भावंडांची तपासणी करणं. घरात लग्नाचा विषय निघेल तेव्हा वाहक (आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला) आणि ग्रस्त (दोघांकडून आलेला) यांतला फरक नीट सांगता येणं.

मग प्रत्येक उत्तराखाली "यासाठी काय माहीत हवं?" असं विचारत खाली उतरलो. ताप धोक्याचा का? पानथरी नीट काम करत नसेल तर न्यूमोकॉकससारख्या आवरण असलेल्या जिवाणूंना रक्तातून गाळून काढणारं कुणी उरत नाही. इथं पानथरीची सूक्ष्मरचना, मायक्रोबायोलॉजी, लस आणि पेनिसिलिन एका ओळीत आपोआप आले. हायड्रॉक्सीयुरिया का देतात? ते एचबीएफ वाढवतं. म्हणजे पहिल्या वर्षी रुक्ष वाटणारं गर्भाचं हिमोग्लोबिन इथं औषधाचं लक्ष्य बनतं. मुलगा लंगडायला लागला तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा आठवावा लागतो, जो ॲनाटॉमीत पाठ केलेला असतो आणि कशासाठी ते माहीत नसतं. कावीळ आणि पित्ताशयातले खडे समजायला रक्तपेशीचं आयुष्य लागतं: नेहमीची पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते.

प्रश्नांच्या या झाडाला जे लटकलं ते राहिलं. जे कुठेच लटकलं नाही ते त्या मॉड्यूलमधून काढलं. काढलं म्हणजे अभ्यासक्रमातून नव्हे, ते त्या विषयाच्या आपल्या तासांत राहिलं. पण ही कात्री चालवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. आपल्या विभागाचा तास कमी होणं म्हणजे आपलं महत्त्व कमी होणं असं माणसाला वाटतं. माझाही एक आवडता भाग गेला आणि मी त्यावर बराच वाद घातला. म्हणून माझं ठाम मत असं आहे की अशा मॉड्यूलला एक जबाबदार माणूस हवा, ज्याच्याकडे काढून टाकण्याचा अधिकार आहे. नुसती समिती असली की सगळ्यांचं सगळं राहतं.

मूत्रपिंडाचं उदाहरण थोडं सविस्तर सांगतो, कारण ते मला स्वतःला नव्यानं कळलं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मेड्युलात, क्षार फार दाट असतात आणि ऑक्सिजन फार कमी. लघवी घट्ट करण्यासाठी ती रचना असते, हे मी वर्षानुवर्षं हेन्लेच्या लूपची, म्हणजे तिथल्या वळणदार नळीची, आकृती काढून शिकवत आलो. पण तीच जागा सिकल पेशींसाठी सगळ्यात वाईट. तिथं पेशी वाकड्या होतात, बारीक वाहिन्या बुजतात आणि लहान वयातच लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मग मूल दिवसभर भरपूर पातळ लघवी करतं, रात्री अंथरूण ओलं करतं, आणि पाणी कमी प्यायलं तरी लघवी कमी होत नाही. शरीर कोरडं पडतं आणि वेदनेचा झटका येतो. उन्हाची सहल, लघवी आणि पायदुखी अशी ही साखळी मी कधी वर्गात उच्चारली नव्हती. आता हेन्लेचा लूप शिकवताना मी त्या मुलीपासूनच सुरुवात करतो आणि मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पेशंट मुलांबरोबर वाढतो

आमची लिंकर केस कागदावरची आहे, पण ती एका वर्षात संपत नाही. पहिल्या वर्षी ती नऊ महिन्यांचं बाळ असते, हातापायांचे पंजे सुजलेले. विद्यार्थ्यांना प्रश्न असतो: जन्मल्यावर पहिले काही महिने ती ठीक कशी होती? उत्तर एचबीएफमध्ये आहे, ते हळूहळू ओसरतं तसा आजार दिसायला लागतो. दुसऱ्या वर्षी ती नऊ वर्षांची होऊन येते, ताप आणि अंगदुखी घेऊन. आता जिवाणू, औषधं, स्लाइडवरच्या विळ्यासारख्या पेशी, प्राथमिक छाननीची साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस यांतला फरक. पुढे ती बावीस वर्षांची गरोदर बाई असते. नवऱ्याची तपासणी झालेली नाही.

इथं आनुवंशिकतेचं गणित वेगळ्या वजनानं समोर येतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पण ही बाई स्वतः ग्रस्त आहे. नवरा वाहक निघाला तर ग्रस्त बाळाची शक्यता ५० टक्के होते, नवरा निरोगी असेल तर बाळ वाहक असेल पण ग्रस्त नसेल. मुलांनी हे फळ्यावर मांडायचं नसतं. सासू आणि नवरा झालेल्या दोन सहाध्यायांसमोर, मराठीत, कुणालाही दोष न देता सांगायचं असतं. पहिल्यांदा बहुतेकांची जीभ अडखळते. "प्रत्येक वेळी" हा शब्द विसरतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन मुलांत एकच आजारी होणार. एका शब्दानं घराचा निर्णय बदलू शकतो, म्हणून आम्ही ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावतो.

कम्युनिटी मेडिसिन या मॉड्यूलमध्ये शेवटी शिंपडल्यासारखं येऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. वाहकांना काही प्रमाणात हिवतापापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं, आणि जिथं हिवताप होता तिथं सिकलसेल का टिकला याचा खुलासा झाला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे या मुलीला दिव्यांग प्रमाणपत्राचा हक्क असू शकतो. हे माहीत नसलेला डॉक्टर तिला अर्धीच मदत करतो.

पेपरात कुठे येणार?

कितीही सुंदर मॉड्यूल बांधा, तिसऱ्या मिनिटाला मागून प्रश्न येतो, "सर, हे कुठल्या पेपरात येणार?" या प्रश्नावर शिक्षक चिडतात, पण तो रास्त आहे. विद्यापीठाचे पेपर विषयवार आहेत, आणि मुलं अभ्यास करतात तो पेपरासाठी. शिकवणं जोडून आणि परीक्षा तोडून असेल तर मुलं परीक्षेचंच ऐकणार. म्हणून आपल्या हातात आहे ती अंतर्गत परीक्षा आधी बदलावी लागते. हार्डन यांनीच १९७५ मध्ये मांडलेली ओस्की पद्धत इथं कामी येते: एकामागून एक स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी ठराविक मिनिटं आणि एक काम. एका स्टेशनवर स्लाइड, पुढच्यावर त्याच पेशंटचा रिपोर्ट, त्यापुढे त्याच पेशंटची आई. तीनही ठिकाणी गोष्ट एकच असेल तर मुलाला ती जोडल्यावाचून गत्यंतर नसतं. प्रश्न काढायला दोन विभागांचे शिक्षक एकत्र बसले पाहिजेत आणि तपासायलाही. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आमच्या परीक्षेतला एक प्रश्न सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो देतो, दहा गुणांचा. "या मुलीला वर्गातून वारंवार लघवीला जाऊ देत नाहीत. तिच्या वर्गशिक्षिकेला दहा ओळींचं पत्र लिहा. एकही इंग्रजी शब्द वापरू नका." त्यात हेन्लेचा लूप हवा पण त्याचं नाव नको, हिमोग्लोबिन हवं पण दोरे जमण्याची भाषा घरगुती हवी, आणि बाईंना दुखवायचं नाही. तपासायला आम्ही तिघं बसतो: मी, बालरोगाच्या मॅडम आणि शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका. गेल्या खेपेला एका मुलीनं लिहिलं होतं: "बाई, तिच्या शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही. आपण तहानेनं कोरडे पडलो तर तोंड सुकतं, तिची हाडं ठणकतात. म्हणून तिची बाटली बाकावर राहू द्या आणि तिनं हात वर केला की कारण न विचारता जाऊ द्या." माझ्याकडून आणि मॅडमकडून तिला आठ गुण मिळाले. शाळेतल्या बाईंनी दहा दिले आणि ते पत्र आपल्या शाळेसाठी मागून घेतलं.